उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नको, भाऊ

नवीन बाईक घेतलीस, छान झालं. आता एक ऐक. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कोणीतरी सांगतंच, ‘उन्हात टायर फुटते, हवा कमीच भर.’ हे अजिबात करू नको. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्यानेच टायर आतून तापतं. वर्धा रोडवर वेगात असताना असं टायर दगा देतं. चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर कंपनीने आकडा दिलेला असतो, एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा. तेवढीच हवा भर, आणि तीही सकाळी, टायर थंड असताना. गाडी पळवून पंपावर गेलास तर आकडा वाढलेलाच दिसेल. तो पाहून हवा सोडू नको. हवा मोजायचा एक साधा गेज घरी ठेव, आठवड्यातून एकदा लाव.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचावेत, त्यावरून टायर कधी बनलं ते कळतं. 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला बारीक भेगा असल्या तर बदलायचंच.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांना टेकलं की टायर संपलं. पावसाळ्यात आपल्या सिमेंट रोडवर गोटा, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेलं टायर घेऊन ब्रेक मारणं जिवावर बेतू शकतं. मी तर तिथवर थांबतही नाही, जूनच्या आधीच बदलतो.

व्हॉल्व्हचं टोपण हरवलं असेल तर आजच लाव.