दोन औषधं देऊनही मुलाच्या फिट्स थांबत नाहीत, घरच्या घरी कीटो आहार सुरू करता येईल का?

मुलगा ६ वर्षांचा, वजन १६ किलो, दोन औषधं वेळेवर चालू, तरी आठवड्यातून तीन-चार फिट्स आणि घर शाकाहारी, असं तुम्ही लिहिलंय. आहाराचा विचार अगदी योग्य वेळी केलात, पण घरच्या घरी सुरू करू नका. मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि या आहाराचा अनुभव असलेला आहारतज्ज्ञ सोबत हवाच. वजन कमी करायचे कीटोचे व्हिडिओ इथे उपयोगाचे नाहीत.

योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबत नसतील, तर तिसऱ्या औषधाने त्या पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून या टप्प्यावर आहाराचं नाव निघतं. ही पद्धत १९२१ पासूनची, मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलेली. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थ भरपूर दिले की यकृत कीटोन (चरबीपासून बनणारं इंधन) तयार करतं आणि मेंदू त्यावर चालतो. लंडनमधल्या २००८ सालच्या चाचणीत ३ महिन्यांनंतर आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या. आहार न दिलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं.

आधी तपासण्या का, ते नीट समजून घ्या. काही मुलांचं शरीर जन्मतःच चरबी जाळू शकत नाही. कार्निटिनची मूळची कमतरता, पायरुवेट कार्बोक्सिलेजची कमतरता किंवा पोर्फिरिया (हे सगळे चयापचयाचे विकार) असेल तरी हा आहार जिवावर बेतू शकतो. म्हणून सुरुवातीआधी रक्तातलं अ‍ॅसिलकार्निटिन, लघवीतली ऑरगॅनिक आम्लं, लिपिड, यकृत आणि मूत्रपिंड तपासतात. उलट ग्लुट-१ या विकारात साखर मेंदूत पुरेशी पोचत नाही. तिथे हाच आहार पहिला उपचार असतो, औषधं हरल्यानंतरचा नव्हे.

क्लासिक प्रकारात ४:१ म्हणजे ४ ग्रॅम स्निग्धांशामागे प्रथिनं आणि पिष्ट मिळून १ ग्रॅम. अशा एका मापात ४० कॅलरी होतात. १२०० कॅलरी ठरल्या तर ३० मापं, म्हणजे १२० ग्रॅम स्निग्धांश आणि ३० ग्रॅम बाकीचं. त्यात १८ ग्रॅम प्रथिनं धरली की दिवसभराच्या पिष्टाला उरतात १२ ग्रॅम. एका मध्यम पोळीत १५ ग्रॅमच्या वर पिष्ट असतं आणि कपभर दुधातच १० ग्रॅमच्या आसपास संपतात. यावरून कल्पना येईल.

दुसरा प्रकार मॉडिफाइड अ‍ॅटकिन्स. यात सुरुवातीला दिवसाला साधारण १० ग्रॅम पिष्ट (तंतू वजा करून), स्निग्ध पदार्थ आग्रहाने आणि प्रथिनांना मोजमाप नाही. तान्ह्या बाळांना क्लासिक बरा, पण शाळेत डबा नेणाऱ्या शाकाहारी मुलासाठी मी आधी याबद्दलच डॉक्टरांना विचारायला सांगेन. लोणी-तुपात परतलेली पनीर भुर्जी, बदामाच्या पिठाची धिरडी, ओलं खोबरं, फ्रेश क्रीम, मेथी-पालक यांवर घर चालतं. डाळीवर भिस्त ठेवू नका: ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत १५ ग्रॅमच्या वर पिष्ट असतं. पनीरचं पाकीटही वाचा, प्रत्येक ब्रँडचे आकडे वेगळे असतात.

बिघडतं ते बहुधा बारीकसारीक गोष्टींमुळे. ताटाला चिकटून राहिलेलं तूप म्हणजे चुकलेलं प्रमाण, म्हणून वाटी रबरी उलथन्याने निपटून द्या. खोकल्याचं सिरप, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, ओआरएस, आजीने प्रेमाने दिलेली खडीसाखर, या सगळ्यांत साखर आहे. फिट्सचं औषधही सिरप असेल तर बिनसाखरेचा पर्याय किंवा गोळी डॉक्टरांना विचारा. स्वतः बदलू नका आणि कुठलंही औषध मनाने बंद करू नका. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा आणि कीटोनच्या पट्ट्या घ्या. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन वेगळे द्यावेच लागतात.

बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली. पाणी आणि तंतुमय भाज्या वाढवा. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर अ‍ॅसिडोसिस (रक्तातलं आम्ल वाढणं) आणि मूतखड्याचा धोका वाढतो, तेव्हा पोटॅशियम सायट्रेटबद्दल विचारा. उंची-वजन आणि रक्त-लघवी ठरलेल्या अंतराने तपासा, कारण काही मुलांची वाढ मंदावते.

जुलाब-उलट्यांत जास्त सावध राहा. श्वास जोरात, चेहरा लाल, मूल सुस्त, असं दिसलं तर कीटोन फार वाढलेले असू शकतात. अशा वेळी साधारणतः ३० मिली संत्र्याचा रस देऊन १५-२० मिनिटांनी पुन्हा पाहतात. पण तुमच्या मुलासाठीची सूचना आधीच लिहून घ्या. मूल गुंगीत असेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठा. तिथे पहिल्यांदा सांगा की मूल कीटोवर आहे: रक्तातली साखर कमी नसेल तर ग्लुकोजची सलाइन लावू नये.

निदान ३ महिने नेटाने केल्याशिवाय निकाल ठरवू नका. फायदा दिसला तर साधारण २ वर्षं चालवतात आणि मग हळूहळू उतरवतात. फायदा नसेल तरीही एकदम पोळी-भात सुरू करू नका. पहिल्या भेटीला फिट्सची तारीखवार वही, एखादा व्हिडिओ आणि मूल ३ दिवसांत खरोखर काय काय खातं त्याची यादी घेऊन जा.