दुसऱ्या वर्षाला कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग (ठरलेल्या वेळात कोड लिहून प्रश्न सोडवायच्या स्पर्धा) सुरू करायला उशीर झालाय का?

अजिबात नाही. पण तुम्ही पुढे जे विचारलंय, की कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवर पहिले दोन प्रश्न सुटतात आणि तिसऱ्याला गाडी अडते, तर आधी अल्गोरिदमचं जाडजूड पुस्तक संपवू का? नका संपवू. सेगमेंट ट्रीसारखी अवघड रचना येत नाही म्हणून तिसऱ्या प्रश्नावर अडलेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

बहुतेक जण प्रश्नातली गोष्ट वाचतात आणि लगेच कोड बडवायला घेतात. मी ज्युनिअर्सना आधी मर्यादांची ओळ वाचायला लावतो. समजा एन, म्हणजे इनपुटमध्ये किती संख्या आहेत तो आकडा, २ लाखांपर्यंत आहे आणि वेळ १ सेकंद. सी++ मध्ये सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साध्या क्रिया धरा. लूपमध्ये लूप टाकला की ४ हजार कोटी क्रिया झाल्या, म्हणजे टीएलई (वेळेची मर्यादा ओलांडल्याचा शेरा) ठरलेला. तेच सॉर्ट करून भागत असेल तर काम ३५-४० लाखांत आटोपतं. म्हणजे सॉर्टिंग, बायनरी सर्च, प्रीफिक्स सम, मॅप या वेगवान पद्धतींतच उत्तर शोधायचं. एन २० च असेल तर डोकं चालवूच नका, सगळे उपसंच तपासा, ते साडेदहा लाखच भरतात. आणि संख्या १०० कोटींपर्यंत असतील तर तिसऱ्या बेरजेलाच इंट हा साधा पूर्णांक प्रकार फुटू शकतो, बेरीज त्यात मावत नाही. सॅम्पल पास होऊन पुढच्या टेस्टवर राँग आन्सर आलं, तर आधी इंटच्या जागी लाँग लाँग हा मोठा प्रकार केलाय का ते बघा.

सरावाला सीएसईएस या साइटचा प्रश्नसंच घ्या, फुकट आहे. ॲटकोडर या साइटची बिगिनर स्पर्धा बहुतेक शनिवारी आपल्या संध्याकाळी साडेपाचला असते. कोडफोर्सेसच्या फेऱ्या बहुधा रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी, नेमक्या मेसच्या वेळेला! स्पर्धा संपली की न सुटलेला पुढचा एकच प्रश्न घ्या, तासभर झगडा, मग एडिटोरियल (आयोजकांनी दिलेली उकल) वाचा, ते बंद करा आणि कोड स्वतः लिहा. चॅटबॉटकडून लिहून घेऊन नावाचा रंग (तो रेटिंगवर ठरतो) बदलणारे हल्ली पुष्कळ दिसतात. समोर बसवून विचारलं की त त प प होतं.

नोकरीचं म्हणाल तर याने ऑनलाइन कोडिंग राउंड निघतो. पुढे डीबीएमएस (डेटाबेस), ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि तुमचा प्रोजेक्ट विचारतातच, तिथे रेटिंग फारसं कामी येत नाही.

आयसीपीसीचा, म्हणजे कॉलेजांच्या टीम्सच्या जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धेचा, विचार आत्तापासून करा. तिघांची टीम, पाच तास, पण कॉम्प्युटर एकच, आणि सुटलेल्या प्रश्नावर आधीच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनमागे २० मिनिटं पेनल्टी. त्यामुळे टीममध्ये तिन्ही फास्ट टायपिंगवाले घेऊ नका. छापलेला कोड बाजूला बसून वाचणारा आणि त्यातली चूक पेनाने दाखवणारा एक जण हवाच.