टेरेसला केमिकल मारूनही पंख्याच्या हुकातून पाणी टपकतंय. आता कुठलं केमिकल वापरू?

तुम्ही लिहिलंय की सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता, उन्हाळ्यात बेडरूमच्या बरोब्बर वरच्या भागात टेरेसवर वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारून घेतलंत आणि तरी पहिल्या मोठ्या पावसात पंख्याच्या हुकापाशी थेंब सुरू झाले. केमिकलचं नंतर बघू. आधी त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डवरचा वीज तोडणारा स्विच) पाडा आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत तो पंखा वापरू नका.

ठाणे-डोंबिवलीकडे सोसायट्यांच्या दुरुस्तीची कामं मी बघतो. पंख्यातून पाणी येण्याची तक्रार दर पावसाळ्यात असते आणि तिचं कारण साधं आहे. स्लॅब भरताना सळयांच्या जाळीत वायरिंगचे पाइप टाकतात. त्यातले बरेच छतातल्या पंख्याच्या डब्यात येऊन मिळतात. स्लॅबमध्ये पाणी कुठेही शिरलं, की हा पाइप त्याला आयता सापडतो. मग पाणी शिरतं हॉलच्या वर आणि टपकतं बेडरूममध्ये. तुमचं केमिकल वाईट असेलच असं नाही, ते चुकीच्या जागी बसलं असण्याची शक्यता जास्त.

शोध घ्यायचा तो कडेकडेने. सपाट टेरेस मधोमध क्वचित गळते. माझा पहिला संशय नेहमी पावसाच्या पाइपच्या तोंडावर. तिथे साचलेला पाला, माती, कबुतरांची पिसं हाताने बाजूला करा आणि पाइप नि कोबा (स्लॅबवरचा जाड थर) यांच्या मधे बघा. बऱ्याचदा पत्र्याची पट्टी सहज आत जाईल एवढी फट असते. अख्ख्या टेरेसचं पाणी त्या तोंडाशी येतं, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी तिथूनच आत जाणार. त्यानंतर वाटा, म्हणजे पॅरापेट (टेरेसचा कठडा) आणि टेरेस जिथे मिळतात तिथली सिमेंटची गोलाई. ती सुटली असेल तर टोकदार वस्तूने ठोकल्यावर बद्द आवाज येतो. मग पॅरापेटच्या माथ्यावरच्या भेगा, त्यात उगवलेलं पिंपळाचं रोप, सोलर हीटरच्या स्टँडचे आणि डिशचे बोल्ट. केबलवाला ड्रिल मारून भोक पाडतो आणि निघून जातो, ते बुजवायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

टेरेसवरची पाण्याची टाकीही विसरू नका. पाऊस नसलेल्या महिन्यातही छत ओलं राहत असेल तर टाकी, तिचा ओव्हरफ्लो किंवा एखादा पाइप तपासा. पण पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवस टपकत राहिलं, तर त्यावरून पाइपलाइनला दोष देऊ नका. आपल्याकडे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. तो पाणी पिऊन बसतो आणि सावकाश सोडतो.

आत्ता भर पावसात कोणी 'ओल्यावरही चालतं' म्हणत काही मारायला आलं, तर हो म्हणू नका. बहुतेक कोटिंगला कोरडी, साफ जमीन लागते. खालची ओल उन्हाने तापून वाफ झाली की वरचा थर फुगतो आणि पोपडे निघतात. सध्या पाइपची तोंडं मोकळी ठेवा आणि ताडपत्री टाकायची तर पॅरापेटवरून पलीकडे घ्या, नाहीतर वाट्याशीच पाणी मुरतं. छतावर डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख लिहा. डाग कुठल्या बाजूला सरकतोय, त्यावरून पाणी कुठून येतंय याचा अंदाज येतो.

खरी परीक्षा दिवाळीनंतर, छत वाळल्यावर. टेरेसचे भाग पाडायचे, कडेने मातीचा किंवा सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा छोटा बांध घालायचा, पाइपचं तोंड बंद करायचं आणि एका वेळी एकाच भागात दोन-तीन इंच पाणी 48 तास उभं ठेवायचं. एक इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला 25 किलो होतं, त्यामुळे उगाच फूटभर तळं करू नका. ज्या भागाचं पाणी खाली उतरेल, तिथेच काम. भेग असेल तर ती आधी व्ही आकारात खोदून पॉलिमरच्या मसाल्याने भरायची. नुसता वरून ब्रश फिरवलेलं काम पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा उकलतं.

कोबा सगळीकडेच पोकळ वाजत असेल तर तो काढून नवा करावा लागतो. जुन्यावर नवा चढवा असं कंत्राटदार सुचवेल, कारण तोडणं आणि राडारोडा खाली उतरवणं त्याला नकोच असतं. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. जुन्या इमारतीवर असा दुसरा थर मी तरी घालू देत नाही. आणि छताचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत असेल, तर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंज चढला की सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून पाणी अडवलं म्हणून ते फुटलेलं काँक्रीट जागेवर येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सोसायटी असेल तर तो तुमच्या एकट्याचा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, टेरेसची दुरुस्ती संस्थेने करायची आहे, आणि टेरेसमधून पावसाचं पाणी उतरून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला तर तोही. सेक्रेटरींना फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कमिटीने कंत्राट दिलं की एक अट घालायला लावा: काम झाल्यावर पुन्हा तसंच पाणी उभं करून दाखवायचं आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतरच. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा मला हा हप्ता जास्त भरवशाचा वाटतो. मे महिन्यात पाणी नाही अशी सबब येईल, तेव्हा टँकरचे पैसे आधीच एस्टिमेटमध्ये धरून ठेवा.