लिनक्स टाकलं तर गेम चालतील का? कंपन्या त्यासाठी गेम का काढत नाहीत?

गिऱ्हाईकच कमी, दुसरं काय! स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत विंडोजवाले ९० टक्क्यांच्या वर. लिनक्सनं ३ टक्के ओलांडले ते २०२५ च्या ऑक्टोबरात. तेवढ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढून तिच्या तक्रारी कोण निस्तरणार?

पण २०१८ पासून स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीचं प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आहे. विंडोजचा गेम ते परस्पर लिनक्सवर चालवतं. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवरच्या जुन्या पीसीवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) आहे, काउंटर-स्ट्राइक २ निवांत पळतो (त्याची तर लिनक्स आवृत्तीच आहे).

अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे गेममधली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात बसतं, तिथं प्रोटॉनचा इलाज नाही. मित्रांबरोबर व्हॅलोरंटच खेळत असशील तर भावा, विंडोज काढू नकोस. बाकी गेम प्रोटॉनवर चालतात का ते आधी प्रोटॉनडीबी या साइटवर बघून घे.