रेस चढते, उतरत नाही

प्रश्न : नमस्कार काका. माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर आहे, उघड्या टपाची ब्रिटिश गाडी, दोन एसयू कंपनीच्या कार्बोरेटरवाली. घरात तिला सगळे ‘धाकटी’ म्हणतात. गेले तीन आठवडे तिचा ॲक्सिलरेटर अडकतोय. पाय उचलला तरी आरपीएमचा काटा २५०० वरच बसून राहतो. पेडलला दोन-तीन झटके दिले की कधी उतरतो, कधी नाही. बॉनेट उघडून कार्बोरेटरजवळची दांडी बोटाने मागे ढकलली तर मात्र लगेच उतरतो. परवा राउंडअबाउटवर असंच झालं आणि माझे हातपाय गळाले. डब्ल्यूडी-४० चा तेलकट फवारा मारला, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. स्प्रिंगा नव्या घातल्या. गॅरेजवाला म्हणतो, कार्बोरेटर बदला. खर्च मोठा आहे म्हणून आधी तुम्हाला विचारते. जाता जाता, सेल्फही हल्ली जड फिरतो, पण बॅटऱ्यांचं वय झालं असेल. फेब्रुवारीत क्लच बदलून घेतला, त्यानंतर गाडीला कोणी हात लावलेला नाही.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : ताई, कार्बोरेटर बदलू नका. निदान एवढ्यात तरी नको.

आधी जिवाचं बोलू. चालत्या गाडीत रेस अडकली तर क्लच पूर्ण दाबा, ब्रेक लावा आणि चावी एकच घर मागे फिरवा. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. चावी पार शेवटपर्यंत नेऊ नका. स्टिअरिंगला कुलूप असलेली गाडी असेल तर ते लागायचं, आणि मग रेस परवडली म्हणायची वेळ येईल. दोष सापडेपर्यंत धाकटीला घरीच ठेवा.

आता पत्राकडे. तुम्ही बोटाने दांडी मागे ढकलून पाहिलीत हे फार चांगलं केलंत. दांडी मुळात आपल्या जागी परतलेली असती आणि तरीही काटा वर राहिला असता, तर मी वेगळ्या वाटेने गेलो असतो. काही एसयू कार्बोरेटरांच्या बटरफ्लायमध्ये, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणाऱ्या चकतीत, एक छोटी स्प्रिंगची झडप बसवलेली असते. ती उघडी राहिली की रेस उतरत नाही. बाहेरून वाटतं ॲक्सिलरेटर अडकलाय, प्रत्यक्षात तो सुटलेला असतो. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या नळीच्या, गॅस्केटमधून हवा ओढली जात असली तरी तसंच वाटतं. तुमच्याकडे दांडी खरोखरच अडकते आहे. म्हणजे कुठेतरी घासतंय.

पायापासून सुरुवात करा. हसू नका, पण आधी चटई उचला. पुण्यात नाना पेठेत मी वस्तादांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा एका डॉक्टरांची फिएट ‘रेस सोडत नाही’ म्हणून आली. वस्तादांनी मला कार्बोरेटर उतरवायला लावला. मी अर्धा दिवस जेट धूत बसलो. संध्याकाळी गाडी पुसणाऱ्या पोऱ्याने पेडलमागून बाईंची कोल्हापुरी चप्पल काढून दिली. तेव्हापासून मी आधी वाकून बघतो.

चटईखाली काही नसेल तर इंजिन बंद आणि गार असताना कार्बोरेटरच्या बाजूने ॲक्सिलरेटरची केबल सोडा. आता दांडी हाताने उघडा आणि सोडून द्या. टक् असा आवाज करून ती जागेवर आदळली पाहिजे. आदळली नाही, घुटमळली, तर दोष कार्बोरेटरच्या बाजूला. दोन कार्बोरेटर जोडणारा आडवा दांडा वाकडा बसला असेल, नाहीतर बटरफ्लाय भोकाच्या मधोमध नसेल आणि कड भिंतीला घासत असेल. तसं असेल तर तिचे दोन स्क्रू थोडे ढिले करून ती आपोआप बंद होऊ द्यायची आणि मग आवळायचे. स्क्रूंची टोकं चिरलेली असतात, ती पुन्हा फाकवायला विसरू नका. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

पण माझा अंदाज सांगतो. दांडी टक् करून आदळेल. मग केबलच्या आतली तार पकडून मागे-पुढे ओढा. ती खरखरेल.

हा अंदाज तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींवरून. सेल्फ जड झाला आणि फेब्रुवारीत क्लच बदलला, या गोष्टी तुम्ही ‘जाता जाता’ लिहिल्या आहेत. मी आधी त्याच वाचल्या. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं. इंजिन बसलेलं असतं रबराच्या मौंटिंगवर, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारेची विणलेली चपटी पट्टी असते. तीच अर्थिंगची पट्टी. इंजिन काढताना ती सोडावी लागते, आणि बसवताना ती राहून गेली तर लगेच काही कळत नाही, कारण गाडी सुरू होते.

सुरू कशी होते? सेल्फ शंभराहून कितीतरी जास्त अँपिअर ओढतो. जाड केबलने करंट इंजिनापर्यंत येतो आणि बॉडीतून बॅटरीकडे परत जायचा असतो. पट्टी नसली की तो दुसरी वाट शोधतो. इंजिनाला आणि बॉडीला एकाच वेळी शिवणारं धातूचं आणखी काय आहे? ॲक्सिलरेटरची केबल. चोकची केबल. एवढ्याशा तारेतून सगळा करंट जातो. सेल्फला पुरेसा मिळत नाही म्हणून तो रडत फिरतो, आणि तार तापते.

कॉव्हेंट्रीत अशीच एक केबल मी कापून बघितली होती. आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं, ठिकठिकाणी गाठी. तारेचे पदर जिथे उघडे पडले होते तिथे तापलेल्या लोखंडावर येते तसली निळसर झाक. मालकाने तोवर दोन केबली बदलल्या होत्या. दर वेळी महिनाभर छान चाले, मग पुन्हा अडके. तो केबल बनवणाऱ्याला शिव्या घालत होता.

तुमच्या नव्या स्प्रिंगांनी गुण का आला नाही आणि फवाऱ्याने दोनच दिवस का बरं वाटलं, याचं उत्तर त्या गाठींत आहे. अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल तसंही घालू नये, धूळ धरते.

खात्री करून घ्यायला मीटर लागत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. दुसऱ्या गाडीवरून बॅटरी जोडायची जाड जंप केबल असेल ना, तिच्यातली एकच घ्या. एक चिमटा इंजिनाच्या स्वच्छ उघड्या धातूला, दुसरा बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला. पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब. मग सेल्फ मारा. झटक्यात फिरला तर निदान झालं. त्याआधी, चिमटे न लावता एकदा सेल्फ मारून चोकची मूठ हाताला कोमट लागते का तेही बघा. चटका बसला तर मात्र पुन्हा मारू नका.

पट्टी काही गाड्यांत गिअरबॉक्सजवळ सापडते, काहींत इंजिनाच्या पुढच्या मौंटिंगजवळ. ती नवी लावा, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज खरवडून. ॲक्सिलरेटरची केबल त्यानंतर बदला. आधी केबल बदललीत तर तीही जाळाल. चोकचीही बघून घ्या. दोन्ही केबली आणि पट्टी मिळून कार्बोरेटरच्या जोडीच्या जवळपासही खर्च जाणार नाही.

ता. क. : अंक छापायला जाण्याआधी ताईंचं उत्तर आलं. थोडक्यात देतो : ‘काका, दांडी टक् करून आदळली. जंप केबल लावल्यावर सेल्फ इतक्या जोरात फिरला की मीच दचकले. चोकची मूठ कोमट होती. मला वाटायचं हीटरमुळे. खाली वाकून पाहिलं तर पट्टी कुठेच नाही. मग आठवलं, क्लच झाल्यावर गॅरेजवाल्याने एक प्लास्टिकची पिशवी दिली होती, “तुमचे जुने पार्ट” म्हणून. ती डिकीतच होती. जुनी क्लच प्लेट, तांब्याची चपटी विणलेली पट्टी आणि तीन बोल्ट निघाले.’

ताई, छान झालं. पट्टीला दोनच बोल्ट लागतात. तिसऱ्याचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून लांबी कळेल असा, आजच पाठवा. तो कुठला आहे हे ठरेपर्यंत गाडी गल्लीबाहेर काढू नका.