गुळाच्या चहानं हिमोग्लोबिन वाढत नाही, ताई

साखर बंद करून गूळ, सकाळी चपातीऐवजी ब्राऊन ब्रेड, चारला डायजेस्टिव्ह बिस्किटं, वर खोक्यातला फळांचा रस. एवढं सगळं पाळूनही हिमोग्लोबिन ९.२ आणि जिना चढताना धाप. ताई, तुमच्या पोस्टमधलं हे सगळं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्यांचा डोस मला विचारू नका.

कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध बोलणं जिवावर येतं. माहेरी गुऱ्हाळ होतं, काकवी-भाकरीवर वाढलेय मी. पण हिशेब मांडून बघा. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणं पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. ते नुसत्या गुळातून मिळवायचं तर रोज पाव किलोच्या वर गूळ खावा लागेल, आणि गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. त्यात चहातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जेवणातलं लोहसुद्धा अंगी लागू देत नाही. म्हणजे जेवणावर लगेच गुळाचा चहा घेतला तर उलट तोटाच.

ब्राऊन ब्रेड आणि बिस्किटांवर जास्त लिहीत नाही. पाकिटामागं घटकांची यादी असते, त्यात जे सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं लिहितात. तिथं ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ दिसलं तर तो मैदाच, रंग कॅरॅमलचा असला तरी.

माझं खरं नुकसान केलं ते एका आरोग्य तपासणी केंद्रानं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “बायकांचं एवढंच असतं.” हातात छापील कागद दिला: गूळ-शेंगदाणे, खजूर, बिटाचा रस. सोबत लोहाची आणि कॅल्शियमची गोळी, “रात्री दोन्ही एकदमच घ्या.” कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, हे फार उशिरा दुसरीकडं कळलं. आणि पाळीत किती जातं, गाठी पडतात का, पॅड किती वेळानं बदलावं लागतं, यातलं एक अक्षर विचारलं नाही! गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे मांसल गाठ, होता. दर महिन्याला रक्त वाहून चाललं होतं आणि मी बिटं किसत बसले होते. आजही तो कागद आठवला की डोकं फिरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. पण सगळ्याच जणींना आहे म्हणून ते चालवून घ्यायचं असतं का?

तेव्हा आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा आणि सीरम फेरिटिन ही रक्ततपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा. अंगातला लोहाचा साठा त्यातून कळतो. १५ च्या खाली म्हणजे साठा संपत आलेला. फेरिटिन चांगलं असून हिमोग्लोबिन कमी असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे का किंवा थॅलेसेमिया मायनर (हा रक्ताचा आनुवंशिक दोष) आहे का, हे बघावं लागतं, तिथं लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं गिळायच्या नाहीत. गोळी चालू झाली तर चहा, दूध, कॅल्शियम दोन तास लांब ठेवा. शौचाला काळं होतं, घाबरू नका.

खाण्यात माझं मत सरळ आहे: डाळी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, अळीव, आणि त्यावर न विसरता लिंबू पिळायचं. शाकाहारी नसाल तर मटण. इथं मात्र मला राग येतो. रविवारी आपल्याकडं तांबडा-पांढरा होतो, फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातात, आणि मागून बसणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा-भात. मटणातलं लोह सगळ्यात सहज अंगी लागतं, आणि ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज, तिच्याच ताटात ते नसतं. ताई, पहिल्या पंगतीला बसा. चार फोडी स्वतःला वाढून घ्या, कलेजी असेल तर तीही. फक्त दिवस गेले असतील तर कलेजी नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.