घरी पळणारा रोबो

‘मॅडम, रोबो घरी तर अगदी नीट पळत होता. स्पर्धेत काय झालं कोणास ठाऊक. आता मुलगा त्याला हातच लावत नाही. हे त्याचं क्षेत्र नाही, असं समजायचं का?’

शाळांच्या रोबोटिक्स आणि ड्रोनच्या स्पर्धा सुरू झाल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न येतोच. कधी नाशिकच्या इंदिरानगरहून, कधी सिडकोतून, कधी थेट ओझरहून. शब्दही जवळपास तेच. म्हणून त्यातली एक केस इथे मांडते. नाव बदललं आहे.

ओजस आठवीत. वडील अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. लाइन फॉलोअरची स्पर्धा होती: पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी, आणि तिच्यावरून रोबोनं कमीत कमी वेळात जायचं. तीन संधी मिळाल्या, तिन्ही वाया गेल्या. पहिल्या दोन भेटींत ओजस एवढंच म्हणत राहिला, ‘मला जमत नाही. मी ढ आहे.’

अशा वेळी ‘नाही रे, तू हुशार आहेस’ असं म्हणण्याचा मोह होतो. मी तो टाळते. एका शिक्क्यावर दुसरा शिक्का मारून मूल हलत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मला पटते ती याचसाठी. ती शिक्का बाजूला ठेवून पुरावा मागते.

तिसऱ्या भेटीत विचारलं, ‘पट्टी नेमकी कुठे सुटली?’

‘दुसऱ्या वळणावर.’

‘आणि दुसऱ्यांदा?’

‘तिथेच.’ थोडा वेळ गप्प. ‘तिसऱ्यांदाही तिथेच.’

‘बाकीच्या वळणांवर?’

‘तिथपर्यंत बरोबर गेला.’ मग खूप वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘मी ढ असतो तर कुठेही सुटला असता ना?’

हे वाक्य त्याच्या तोंडी यावं म्हणून दोन भेटी थांबावं लागलं होतं. मी बोलले असते तर ते फुकट गेलं असतं.

‘त्या वळणापाशी काय होतं?’

‘खिडकी.’

पुढच्या वेळी तो रोबो घेऊनच आला. माझ्या खोलीत दुपारी पश्चिमेचं ऊन येतं. लॅपटॉप जोडून त्यानं सावलीत सेन्सरची रीडिंग घेतली: पांढऱ्यावर 120, काळ्यावर 780. मग उन्हात: पांढऱ्यावर 60, काळ्यावर 380. आर्डुइनो उनो, म्हणजे रोबोचा कोड चालवणारा छोटा बोर्ड, सेन्सरचं रीडिंग 0 ते 1023 मध्ये देतो, आणि ओजसच्या जोडणीत जास्त उजेड म्हणजे कमी आकडा. हा सेन्सर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण खाली टाकतो आणि परत आलेले मोजतो. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, ते सेन्सरला परावर्तित किरणांसारखंच वाटतं. त्याच्या कोडमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या खाली पांढरं आणि वर काळं समजायचं तो आकडा, होता 450. उन्हात काळा 380 म्हणजे रोबोच्या लेखी तो पांढरा. पट्टी तिथं त्याला दिसतच नव्हती.

‘450 कुठून आणला?’ मी विचारलं.

‘बाबांनी टाकला.’

दुखणं खरं तर इथे होतं. सोल्डरिंग बाबांचं, कोड बाबांचा, आणि मैदानावर एकटा ओजस. परीक्षकांनी ‘ही किंमत कशी काढली?’ असं विचारलं तेव्हा तो गप्प उभा राहिला होता. हरल्यापेक्षा त्याला ते जास्त लागलं होतं, आणि घरी त्यानं ते सांगितलंच नव्हतं. जे आपण जोडलेलं नसतं ते ऐनवेळी आपल्याला दुरुस्तही करता येत नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड या मुलांच्या जागतिक स्पर्धेत प्रशिक्षकाला स्पर्धेच्या वेळी मुलांच्या जागेत जाऊन रोबोला हात लावता येत नाही, तो काही उगाच केलेला नियम नव्हे.

वडिलांना वेगळं बोलावलं. ‘कंपनीत मशीन बंद पडलं तर ऑपरेटरला तुम्ही ढ म्हणता?’

‘छे. आधी रीडिंग घेतो.’ आणि ते ओशाळून हसले. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

आता ज्यांच्या घरी असाच रोबो कपाटावर पडला आहे त्यांच्यासाठी. ट्रॅकवर सराव मिळतो तेव्हा सगळ्यात उजेडाच्या जागी काळ्याचं रीडिंग घ्यायचं आणि सगळ्यात अंधाऱ्या जागी पांढऱ्याचं. थ्रेशोल्ड या दोहोंच्या मध्ये. ओजसच्या आकड्यांत 380 आणि 120, म्हणजे 250. एवढ्यावर तो उन्हातही चालला असता. शिवाय सेन्सरभोवती काळ्या कार्डशीटची झालर लावायची आणि सेन्सर जमिनीपासून 3 ते 5 मिलिमीटरवर ठेवायचा. झालर घासू लागली तर कापायची, काढायची नाही.

दुसरा नेहमीचा घोटाळा बॅटरीचा. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटारींना लागणारा करंट देऊ शकत नाही. मोटार सुरू होताच व्होल्टेज पडतं, आर्डुइनो रीसेट होतो, आणि मूल तासन्‌तास कोडमध्ये चूक शोधत बसतं. 18650 या मापाचे दोन रिचार्जेबल लिथियम सेल मालिकेत जोडा. पूर्ण चार्ज असताना ते 8.4 व्होल्ट देतात, पण मोटारींना वीज पुरवणारा एल298एन ड्रायव्हर त्यातले सुमारे दोन व्होल्ट खातो. सराव अर्ध्या बॅटरीवर आणि स्पर्धा भरलेल्या बॅटरीवर केली तर रोबो जोरात धावतो आणि वळण चुकतो. म्हणून सरावाआधी आणि फेरीआधी मल्टीमीटरनं व्होल्टेज मोजून वहीत लिहायचं. मोजायचं मुलानं. पालकांनी फार तर मल्टीमीटर धरावा.

ओजसला आता ड्रोनही हवा आहे. आईचा जीव टांगणीला, आणि ते चुकीचं नाही. देवळाली लष्कराची, ओझरला विमानतळ. त्यामुळे नाशकात उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघायलाच हवा. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेला भाग, त्यालाही लागू. मोठ्या ड्रोनसाठीचं प्रमाणपत्र 18 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. पंखे लावताना समोरासमोरच्या कर्णातले दोन एकाच दिशेनं फिरतात हे पाहायचं. चुकलं तर ड्रोन उठता उठता उलटतो. ड्रोनची फुगलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी कितीही नवी असली तरी वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचं तर मुळीच नाही.

पुढच्या स्पर्धेच्या सकाळी ओजसचा मेसेज आला: ‘उजेडात काळा 610, अंधारात पांढरा 130. थ्रेशोल्ड 370. बाबा बाहेर बसलेत.’